जप्त केलेला पुतळा व डावीकडे वळणारी वाहने यांबाबत

प्रति,
मा. वाहतूक नियंत्रण अधिकारी,
शहर वाहतूक कार्यालय.

अर्जदार: रेडीमेड कपड्यांच्या दुकानातील दर्शनी काच सजवणारी, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर.

विषय: चौकातून जप्त केलेला पुतळा परत मिळणे, तसेच डावीकडे वळणाऱ्या वाहनांपासून पायी चालणाऱ्यांची सुटका होणे.

संदर्भ: 'पुतळा उभारणीबाबत माहिती सादर करणे' हे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

आपले पत्र पोचले. त्यात झालेला गैरसमज दूर व्हावा आणि मूळ तक्रारही आपल्या कानावर जावी, म्हणून अर्जदार घडलेली हकीकत पहिल्यापासून सादर करीत आहे.

१. अर्जदाराचे दुकान चौकाच्या अलीकडे व दुकानाचे गोदाम पलीकडे आहे. चौकातील सिग्नल चालू आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी, की पायी चालणाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस ज्या क्षणी पेटतो, त्याच क्षणी डावीकडे वळणाऱ्या गाड्यांनाही हिरवा दिवा मिळतो. एकाच पांढऱ्या पट्ट्यांवर दोघांनाही एकदमच बोलावलेले असते. चालक पुढच्या गाडीच्या मागोमाग घाईने वळतो व पट्ट्यांवरचा माणूस त्याला वळून झाल्यावर दिसतो. गाडी लांब असेल तर पुढचे चाक माणसाला टाळते आणि मागचे कोपरा कापत फुटपाथलाच भिडते. दोघेही हिरव्यावर निघालेले असल्याने चूक कोणाची हे ठरेपर्यंत पायी चालणारा आडवा झालेला असतो.

२. अर्जदारासोबत तिची आत्या राहते. ती टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाली. तिथे तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी मैत्रीण आता गोदामाशेजारच्या इमारतीत राहते. रोज दुपारी आत्या पलीकडे जाई व दोघी पत्ते खेळत. एके दिवशी वळत्या टेम्पोच्या आरशाने आत्याच्या कोपराला असा हिसका दिला, की ती जागच्या जागी गर्रकन फिरली आणि तिचे तोंड घराकडे झाले. तशीच ती घरी आली. "मला परत पाठवलं," एवढेच म्हणाली. हाड शाबूत होते, पण त्या दिवसापासून तिने रस्ता ओलांडणे सोडले. दोघी मैत्रिणी समोरासमोरच्या खिडक्यांतून हात हलवू लागल्या. फोनवर पत्ते खेळून पाहिले, परंतु समोरचीच्या हातातील पाने दिसत नसल्याने दोघींनी एकमेकींवर लबाडीचा आरोप केला व काही दिवस हात हलवणेही बंद होते.

३. आता पुतळ्याविषयी. हा पुतळा म्हणजे दुकानाच्या काचेत कोट घालून उभा असतो तो. दुकानात सर्वजण त्याला 'साहेब' म्हणतात. (या अर्जात 'साहेब' म्हणजे पुतळा समजावा. आपला उल्लेख 'महोदय' असा केला आहे.) साहेबांची पायाखालची बैठक डगमगू लागल्याने अर्जदार त्यांना दंडाला धरून, उभ्यानेच, दुरुस्तीसाठी गोदामाकडे नेत होती. त्या वेळी डावीकडे वळणारा ट्रक थांबला. त्याच्या मागची मोटारही थांबली. अर्जदार या चौकातून कित्येक वर्षे ये-जा करीत आहे, पण तिच्यासाठी कोणी थांबल्याचे आठवत नाही. खात्री करण्यासाठी ती साहेबांना घेऊन परत आली. पुन्हा सर्व थांबले.

४. दुकानात पँट आखूड करायला येणाऱ्या एका टॅक्सीवाल्यास अर्जदाराने याचे कारण विचारले. त्याने जरा ओशाळूनच सांगितले, "बाई, माणूस मागे सरतो हे आम्हाला ठाऊक असतं. म्हणून आम्ही घुसतो. हा बाबा सरायचं नावच घेत नाही."

५. त्यानंतर आत्या साहेबांच्या दंडाला धरून, दुसऱ्या बाजूने अर्जदाराचा आधार घेऊन, पत्ते खेळायला जाऊ लागली. ही गोष्ट लपून राहिली नाही. प्रथम औषधवाले आले, मग शिकवणीच्या बाई, मग दाताच्या दवाखान्यातील पेशंट. साहेबांना कोण कधी नेणार यावरून फुटपाथवर कुरबुरी होऊ लागल्या. कोट मळतो म्हणून मालकांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण तसाच कोट मागणारी गिऱ्हाइके वाढल्यावर त्या उतरल्या.

६. जप्तीच्या दिवशी आत्या दुपारी पलीकडे पोचली होती. नंतर दाढ काढून आलेल्या एका गृहस्थांनी साहेबांना उसने नेले आणि अर्ध्या रस्त्यात कळ आल्यामुळे तिथेच सोडून दवाखान्याकडे धाव घेतली. साहेब पांढऱ्या पट्ट्यांवर उभे राहिले. गाड्या थांबल्या व थांबूनच राहिल्या. वाहतूक हवालदारांनी शिट्टी वाजवली, हातवारे केले, जवळ जाऊन दम दिला. 'वारंवार सूचना देऊनही इसम जागचा हलला नाही व उद्धटपणे गप्प राहिला,' अशी नोंद करून साहेबांना गाड्या उचलणाऱ्या वाहनात घालण्यात आले. हवालदारांनी कर्तव्यच बजावले, त्यांच्याविषयी अर्जदाराच्या मनात राग नाही.

७. 'पुतळा परत मिळावा' असा अर्ज केला असता आपल्या कार्यालयाने तो चौकात पुतळा उभारण्याचा प्रस्ताव समजून माहिती मागवली. ती खालीलप्रमाणे: सदर व्यक्तीचा जन्म कारखान्यात झाला. शिक्षण नाही. वारस नाहीत, त्यामुळे कोणाची हरकत येण्याचा संभव नाही. चबुतऱ्याची आवश्यकता नाही. समाजकार्य म्हणाल, तर त्यांच्यामुळे लोक सुखरूप रस्ता ओलांडत होते.

८. महोदय, मुख्य अडचण पुढेच आहे. साहेबांना नेले तेव्हा आत्या पलीकडे होती. ती अद्याप पलीकडेच आहे. अर्जदार तिला आणायला गेली असता तिने स्पष्ट नकार दिला. "तुझा हात धरून काय उपयोग? गाडी आली की तू मागे सरतेस," असे तिचे म्हणणे पडले. ते खरे होते. अर्जदाराच्या मनाला ते फार लागले.

९. म्हणून परवा, आत्याचे कपडे व गोळ्या पोचवायला जाताना, अर्जदाराने मागे न सरण्याचे ठरवले. हिरवा माणूस पेटला. अर्जदार ताठ मानेने निघाली. डावीकडून एक व्हॅन वळली. अर्जदार थांबली, पण सरली नाही. व्हॅनने करकचून ब्रेक दाबला व ती अशी थांबली, की तिच्या पुढच्या भागाची ऊब अर्जदाराच्या पोटाला जाणवली. चालक पांढराफटक पडला होता. कसेबसे पलीकडे पोचल्यावर अर्जदार आत्याच्या मैत्रिणीच्या इमारतीच्या पायरीवर बसून राहिली.

१०. आत्याने हे सर्व खिडकीतून पाहिले होते. ती खाली आली, पिशवी ओढून घेतली आणि म्हणाली, "मागे सरत जा, बाई. मी इथे बरी आहे. मला तू हवीस." मग चारचौघांत रडली. टेम्पोचा आरसा लागला तेव्हाही ती रडली नव्हती. आत्या पलीकडे अडकल्यापासून घरी एकटीचा स्वयंपाक होतो व तो अंदाज चुकून दोघींचा होतो. रात्री जेवताना अर्जदार खिडकीशी बसते आणि समोरून आत्या हात हलवते.

तरी महोदयांस नम्र विनंती, की चौकातील दिवे असे बसवावेत, की आधी हिरवा माणूस पेटेल व त्या वेळी डावीकडे वळणाऱ्यांना लालच राहील. माणसे पार झाली की मग गाड्यांना सोडावे. वयस्कर पावलांना पुरेल एवढाच अवधी मागितला आहे.

हे होणार असेल, तर साहेब आपल्याकडेच राहू द्यावेत, मालकांची समजूत अर्जदार काढील. आत्या तेवढी घरी पाठवावी.

दिव्यांकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
अर्जदार

दिनांक: सोमवार, दुकान उघडण्यापूर्वी.

सोबत:
अ) साहेबांचा कोटासह फोटो, ओळख पटवण्यासाठी.
आ) टॅक्सीवाल्याचे लेखी निवेदन. सही केली आहे, गाडीचा नंबर मुद्दाम लिहिलेला नाही.
इ) मैत्रिणीचा ना हरकत दाखला: आत्या तिच्याकडे कितीही दिवस राहिली तरी तिची काही हरकत नाही. अर्जदाराची आहे.