करवंदवाडीची चार मतं

कर्जत, ९ ऑक्टोबर २०२३

ती. हरीदादास,
उमाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कानाचं यंत्र पुन्हा बिघडल्याचं वहिनींनी कळवलं. फोनवर ओरडून माझाच घसा बसतो, तेव्हा आपलं पत्रच बरं.

निवृत्त झाल्यावर तरी ही बाई गप्प बसेल असं तू म्हणाला होतास. ते काही जमलेलं नाही. पोशीरच्या पुढे करवंदवाडी आहे, कातकऱ्यांची. तिथली जना हिलम माझी जुनी विद्यार्थिनी. वाडीमागच्या डोंगरावर दगडखाण येऊ घातली आहे आणि वाडीचं पिण्याचं पाणी त्याच डोंगराच्या झऱ्याचं. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक आहे. तीत खाणीच्या बाजूचे चार आणि विरोधातले चार येणार असं सगळे धरून चालले आहेत. नववी जागा वाडीची, आदिवासींसाठी राखीव. म्हणजे डोंगर राहणार की जाणार हे वाडीच्या हातात. जना उभी राहते आहे. अर्ज मी भरून देणार.

भीती एकच, मतं फुटण्याची. वाडीत तीन भावक्या आणि तिघींची तोंडं तीन दिशांना. म्हणून येत्या रविवारी सगळ्यांना देवाच्या दगडापुढे नारळावर हात ठेवायला लावणार आहे, की वाडीचे पंच ठरवतील त्यालाच अख्खी वाडी मत देईल. पंचांतला मुख्य लडकू, तो जनाचा सख्खा चुलता. मग काळजी कसली?

वहिनींना नमस्कार. माझ्यावरचा जीव आहे तसाच असू दे.
तुझी उमा

खालापूर, १३ ऑक्टोबर

चि. उमास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. मी डोळ्यांनी बहिरा नाही हे तिला अजून पटलेलं नाही.

तहसील कचेरीत तीस वर्षं निवडणुकांची कागदं वाहिली, म्हणून न विचारता सांगतो. शपथ घालायचीच तर जनाचं नाव घेऊन घाल, नाहीतर घालूच नकोस. 'पंच ठरवतील तो' हे फार मोघम झालं. तू वर्गात पोरांना विद्येची शपथ घालायचीस आणि ती मधल्या सुट्टीत मोडायची, तसं हे नव्हे. आपल्यासारखे लोक शपथ घेतात, वर चहा पितात आणि विसरतात. ती माणसं देवापुढचा शब्द मोडत नाहीत.

बाकी तू ऐकणारी नव्हेस. गुडघ्यांना जप, चढणीवर काठी घे. इकडे सगळे तुझी आठवण काढतात, तूही मधूनमधून आमची काढत जा.
तुझा दादा

कर्जत, २६ ऑक्टोबर

ती. हरीदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. शपथ आदल्याच दिवशी, रविवारी, झाली होती. अरे, नाव घालायचं माझ्याही मनात आलं होतं. पण मतदान गुप्त असतं, एकाच उमेदवाराचं नाव घेऊन शपथ घालायची म्हणजे दडपणच की! जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं आणि आता मीच ते गुंडाळून ठेवू? म्हणून मुद्दाम नाव टाळलं. बायामाणसं, म्हातारे, सगळ्यांनी हात ठेवले.

जनाला कपबशी चिन्ह मिळालं आहे. ती घरोघरी कपबशीचं चित्र घेऊन जाते आणि लोक तिला खऱ्याच कपातून कोरा चहा देतात. दिवसाला पंधरा चहा होतात म्हणाली. समोर नवनाथ आहे, वाडीतलाच, खाणवाल्यांचा डंपर चालवतो. त्याला कोण मत देणार?

लडकू मात्र हल्ली माझ्याशी फारसा बोलत नाही. दसऱ्याला वाडीत एक मोठी काळी पाण्याची टाकी टेंपोतून आली. कुणी दिली ते कुणी सांगत नाही.

निकालाचे पेढे घेऊन येते. तोवर लोभ कमी करू नकोस.
तुझी उमा

कर्जत, ८ नोव्हेंबर

ती. हरीदादास,
शि. सा. न. वि. वि.

जना हरली. नवनाथला एकशे ऐंशी मतं, जनाला चार.

मतदानाच्या आदल्या दिवशी पंच बसले. टाकी खाणवाल्यांची होती. खाण आली तर इथेच काम मिळेल, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायला नको, पोरं शाळेत राहतील, असं त्यांनी लडकूला सांगितलं होतं. पंचांनी नवनाथ ठरवला. त्यांना वाईट तरी कुठल्या तोंडाने म्हणू? भट्टीवर जाऊ नका, पोरांची शाळा बुडवू नका, असं वीस वर्षं मीच ओरडत होते.

मला रडू आलं नाही. राग येईल म्हणून वाट पाहिली, तोही आला नाही. मोजणीहून घरी आले, करंज्यांचं सारण भाजायला घेतलं, ते करपलं. वास आला, पण उठावंसं वाटेना. दोन दिवस कढई तशीच पडून आहे. जनाकडे गेले नाही.

आणखी काय लिहू? तुम्ही सगळे बरे असाल.
उमा

खालापूर, ११ नोव्हेंबर

चि. उमास,
अनेक आशीर्वाद.

मी सांगितलं होतं असं लिहिणार नव्हतो. लिहून गेलो, आता खोडत नाही.

कढई घास आधी. मग जनाकडे जा. हरलेल्या उमेदवाराच्या दारात कुणी जात नाही, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे. एक मात्र कळेना. ती, नवरा, सासू, सासरा एवढे मोजले तरी चार होतात. मग वाडीत तिचं दुसरं कुणीच नव्हतं का?

भाऊबीजेला आली नाहीस तर मीच येईन, आणि मग फोनवर ओरडायचीस तशी समोर बसून ओरड. तुझ्यावर माया आहे, वेडे.
तुझा दादा

कर्जत, २१ नोव्हेंबर

ती. हरीदादास,
शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुला शब्द दिला होता, काल वाडीत जाऊन आले. खाणीचा ना हरकत ठराव ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेत होईल. जना अंगणात सरपण फोडत होती. मला बघून तिने कोयता ठेवला आणि चहा टाकला. ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

तुझा प्रश्न मी तिला विचारला. ती चार मतं, जे चौघे शपथेच्या दिवशी वाडीत नव्हते त्यांची. तिने चौघांची नावं सांगितली. नवऱ्याचं नाही, सासूसासऱ्याचं नाही. मग तुझं मत, असं मी विचारलं.

ती म्हणाली, "नारळावर हात ठिवला व्हता ना बाई. नवनाथला दिलं."

तिने हे, आज चुलीवर भात ठेवला असं सांगावं तसं सांगितलं. पुढे तीच म्हणाली की पुढच्या वेळी परत उभं राहायचं तिच्या मनात आहे, डोंगर काय पाच वर्षांत सगळा संपत नाही. आणि मग विचारलं, "पन बाई, ही शपथ कवर हाय? पुढल्या येळंला बी पंच सांगतील त्यालाच द्यायचं, का सुटली आता?"

दादा, मी मुदत घातलीच नव्हती. माझ्या ते डोक्यातच आलं नाही. विचारून सांगते म्हटलं आणि उठले. दर बुधवारी ती कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन बसते. उद्या बुधवार. घराबाहेर पडलं की मला तिथूनच जावं लागतं.

उमा