डंकाची लिंक देता येत नाही

आई, तू आयुष्यात कधी मिक्सरवर मसाला केला नाहीस. हे तुला सांगायची गरज नाही. मला मात्र ते लिहायची गरज पडली आहे, कारण गेली दोन वर्षं मी लोकांना उलटंच सांगत होते, आणि तेही तुझ्या नावावर. मागच्या आठवड्यात गव्हाणहून एका बाईचा फोन आला आणि तिनं मला पकडलं. तेव्हापासून माझी चिडचिड चालली आहे. तिच्यावर, घरातल्यांवर, स्वतःवर, आणि खरं सांगायचं तर तुझ्यावरही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांनी आईवर चिडू नये म्हणतात, पण चिडले आहे.

तू गेल्यावर तिसऱ्या वर्षी मी ब्लॉग सुरू केला. फोनवर कुणालाही वाचता येते अशी वही समज. तुझ्या हातचं एकेक विसरायला लागलं होतं म्हणून लिहायला घेतलं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की एक-दोन परिच्छेद लिहायचे. मला काही लिहिण्याची हौस नव्हती आणि अजूनही नाही. कोलीम, म्हणजे बारीक जवळा, कसा धुवायचा, वालाच्या बिरड्यात पाणी किती, तुझ्या मसाल्यात कुठली मिरची किती, एवढंच. पहिल्या लेखांत मी सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. सुकट उरणच्या बाईकडूनच घ्या, ती मंगळवारी आणि शुक्रवारी बसते. मसाला डंकावर न्या, सकाळी आठच्या आधी गेलात तर लोखंड थंड असतं, मसाला तापत नाही. डंक नुसता म्हटला तर बाहेरच्यांना कळत नाही, म्हणून मुसळं कशी वर-खाली होतात, खाली उखळात मिरची कशी कुटली जाते, तेही लिहिलं. तू तिथं नाकाला फडकं बांधून लोकांचा मसाला कुटत बसलेली असायचीस, तेही. आपल्या भागातून बाहेर गेलेल्या पोरी वाचायच्या, दुबईहून निरोप यायचे. मला बरं वाटायचं.

मग एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची योजना कळली. आपण लेखात एखाद्या वस्तूची लिंक द्यायची, वाचणाऱ्यानं तिथून घेतली की आपल्याला थोडं कमिशन मिळतं. घेणाऱ्याला किंमत तीच पडते. ह्यात कुणाचं काही जात नाही, असं मला वाटलं, आणि अजूनही एक दिवसाआड तसंच वाटतं. सुरुवातीला चाळणीची दिली, बरणीची दिली. कोण घेतं ते दिसत नाही, पण काय घेतलं ते दिसतं. माझ्या चाळणीवरून आत गेलेल्या कुणीतरी तान्ह्या मुलाची लंगोटं घेतली, त्याचेही मला मिळाले. मला हसू आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं, कुणाच्या पिशवीत डोकावल्यासारखं.

पण खरी गोष्ट वेगळीच झाली. उरणच्या सुकटवालीची लिंक देता येत नाही. डंकाची लिंक देता येत नाही. तू सगळ्यांना पाठवायचीस त्या मिरचीवाल्याच्या दुकानाची, सकाळी आठच्या आधीच्या थंड लोखंडाची, कशाचीच नाही. आणि ज्याची लिंक देता येत नाही ते माझ्या लेखांतून हळूहळू गळायला लागलं. मी ठरवून केलं नाही. आधी 'सुकट बाजारातून घ्या, नाही मिळाली तर पाकिटातली चालेल' असं झालं. मग नुसतं 'पाकिटातली चालेल.' मग पाकिटाचा फोटो. मी पूर्ण खोटं कधीच लिहीत नव्हते, फक्त जिथं लिंक होती तिकडं वाक्य वळत होतं.

मसाल्याच्या लेखात मात्र मी पूर्ण खोटं लिहिलं. मिक्सरला कमिशन चांगलं होतं. मी लिहिलं, 'डंक जवळ नसेल तर काळजी नको. माझी आईसुद्धा नंतर मिक्सरवरच मसाला करायची.' खाली मिक्सरची लिंक. तुला आठवत असेल, तू जायच्या आदल्या वर्षी मी तुला मिक्सर आणून दिला होता. तुझे हात दुखायचे म्हणून. तू खोक्यातून बाहेर काढून पदरानं पुसलास, एकदा ओल्या खोबऱ्याची चटणी केलीस, 'बरा हाय' म्हणालीस आणि परत खोक्यात ठेवलास. एका चटणीचं मी 'मसाला' केलं आणि एका दिवसाचं 'नंतर'.

जावई तुझा म्हणतो, "अगं, सगळेच करतात. तू काय कुणाच्या घरात जाऊन मिक्सर विकतेस?" मी म्हटलं, आईचं नाव घातलंय. तर म्हणतो, "मग आईंनी काय कमी माणसं पाठवली त्या मिरचीवाल्याकडे? तेव्हा लिंक नव्हती एवढंच." मी ताट उचलून आत गेले.

तर फोन. गव्हाणची ती बाई दर उन्हाळ्यात तुझ्याकडून मसाला कुटून घ्यायला यायची. तिच्या मुलानं विदर्भातली मुलगी केली आहे. मुलगी हौशी, नव्या घरचा मसाला आपण करून दाखवावा म्हणून माझा ब्लॉग वाचून, त्याच लिंकवरून मिक्सर मागवून तिनं तीन किलोचा वर्षाचा मसाला एका बैठकीत काढला. घरातल्या मिक्सरवर तीन किलो म्हणजे काय होणार ते तू सांगायला हवंस असं नाही. भांडं तापलं, मसाला काळवंडला, जळका वास आला. सासूनं विचारलं हे तुला कुणी शिकवलं, तर तिनं फोनवर माझा लेख काढून दाखवला, की ह्यांच्या आईपण असाच करायच्या. सासूनं खाली माझं नाव वाचलं, तुझं गाव वाचलं आणि माझ्या ऑफिसातल्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला.

"काय गो बाय," ती म्हणाली, "तुजी आय माज्या सासूपासून आमचा मसाला कुटायची. ती कवा मिक्सर लावाला लागली?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"जल्ला तुजा तो मिक्सर! तीन किलो मिरची गेली माजी. पन मिरचीचा जाव दे. ही पोर माला सांगतंय, त्यांच्या आयनी केलंय तं मी का नाय करू? आता तू सांग. पोर खरी का मी खरी?"

मागून मुलीचा आवाज आला, "आई, राहू द्या ना." रडून झालेला आवाज होता तो. मी खरं सांगितलं असतं तर सासूसमोर त्या मुलीचं काय राहिलं असतं, असं मी स्वतःला समजावते. पण त्या क्षणी मी मुलीचा विचार केला नव्हता. मी म्हटलं, "शेवटी शेवटी करायची. हात दुखायचे तिचे." मग ती म्हणाली, "असंल बाबा. मानूस म्हातारा झाल्यावं काय करतंय कोन जानं," आणि फोन ठेवला. तुला ओळखणारी एवढी एक बाई, तिचीही खात्री मी हलवली.

त्यानंतर मला सारखा तो दिवस आठवतो. मी नववीत आहे. सुट्टी आहे, मी डंकावर तुझा डबा घेऊन आले आहे. आमच्या शाळेतल्या बाई दोन किलो मिरची घेऊन आल्या आहेत, माझ्याकडे बघून हसतात. त्या विचारतात, अजून थोडी मिरची घ्यायची आहे, चांगली कुठं मिळेल? मला केवढी घाई. मी लगेच त्या कोपऱ्यावरच्या मिरचीवाल्याचं नाव सांगते, त्याच्यासारखी बेडगी कुठे नाही म्हणते, तुझंच वाक्य. तू मुसळांच्या आवाजावर ओरडतेस, "आनि तो आपल्याला काय देतो त्या कोन सांगनार?" सगळ्या बायका वळून बघतात. मग तू बाईंना सांगतेस, जसं सगळ्यांना सांगायचीस, "तो माला मिरगाच्या आधी धने-मिरच्या देतो, म्हनून आमी त्याचा नाव घेतो. तुमी दोन दुकानं बगा नि मंग घ्या." बाई हसतात आणि म्हणतात, "एवढं सांगताय म्हणजे त्याच्याकडेच घेते." त्या गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना मी म्हटलं, बाईंसमोर माझी लाज काढलीस, धणे घेतो हे सांगायची काय गरज होती. तू म्हणालीस, "मी काय चोरी केलंय का लपवाला?" आणि पुढं चालायला लागलीस. समजावलं नाहीस, जवळ घेतलं नाहीस.

मी पण सांगितलं होतं, आई. लेखाच्या अगदी तळाशी, करड्या बारीक अक्षरांत. 'या लेखातील काही दुव्यांवरून खरेदी केल्यास लेखकास अल्प मोबदला मिळू शकतो.' दुसऱ्या कुणाच्या तरी ब्लॉगवरून उचललेलं वाक्य. 'लेखकास' म्हणे. नियमाप्रमाणे सांगून झालं होतं आणि कुणीही वाचणार नाही ह्याचीही सोय झाली होती. तू मुसळांच्या आवाजावर ओरडून सांगायचीस.

पण तुझी आरती ओवाळायला मी हे लिहीत नाही. तुझ्यावर राग आहे तो ह्याचाच. एका वर्षी मिरचीवाल्याकडे जुनी, रंग उडालेली मिरची आली. तू येईल त्या बाईला सांगितलंस, "औंदा त्याच्याकरं नका जाव." त्या वर्षी त्याच्याकडून आपल्याकडे काही आलं नाही. आपला मसाला निम्म्यावर आला, डिसेंबरातच बरणीचा तळ दिसला, आणि तू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला शिव्या घातल्यास. खरं बोलून तुला काही समाधानबिमाधान मिळालं नव्हतं. उलट स्वयंपाक करताना रोज धुसफुस. मग केलंस कशाला? आणि एवढं करून मिळालं काय? छातीत मिरचीची धूळ बसली, खोकला लागला, शेवटचे महिने आडवं होता येत नव्हतं. ज्या बायकांना तू खरं सांगितलंस त्यांतल्या किती आल्या बघायला? मी माझ्या मुलीला असं वाढवायचं नाही ठरवलं होतं. तिच्या क्लासच्या फीला ती कमिशनं उपयोगी पडली, हेही खरं आहे. हे सगळं एका बाजूला मांडलं की मी बरोबर दिसते. आणि मग ती मुलगी, रडलेला आवाज, 'राहू द्या ना', आणि मी परत तिथंच.

काल शेवटी मी तो लेख उघडला. मिक्सरचं वाक्य काढलं, लिंक काढली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं की माझ्या आईनं मिक्सरवर मसाला कधीच केला नाही, मी खोटं लिहिलं होतं, मला त्या लिंकचं कमिशन मिळत होतं. तासाभरात पहिली प्रतिक्रिया आली, 'ताई, मग कोणता मिक्सर घेऊ?' मी फोन उशीवर आपटला. कुणाला काही फरक पडत नाही, आणि मी इकडे तीन दिवस जेवले नाही धड.

मग गव्हाणला फोन लावला. बाईंनीच उचलला. मी एका दमात सांगितलं, की तुम्ही खऱ्या, सूनही खरी कारण तिनं मी लिहिलेलंच केलं, खोटी मी. आईनं मिक्सरला मसाल्यासाठी हात लावला नाही. तीन किलो मिरची मी भरून देते.

"मिरची नको माला," ती म्हणाली. "त्या दिवशी का नाय बोललीस?"

"धीर झाला नाही."

"तुज्या आयला होता गो. तू कुनावर गेलीस?" आणि मग ती हसली. खरंच हसली, आत ओरडून सुनेला सांगितलं, "ये, ऐक, तुजी बाय काय बोलतंय! तू खरी निगालीस!" मुलगी फोनवर आली, "ताई, थँक्यू हां," एवढंच म्हणाली. मला वाटलं संपलं. पण बाईंनी फोन परत घेतला. "रविवारी आमी जातो डंकावर, नवी मिरची घेऊन. पोरीला दाखवते मसाला कसा कुटतान त्या. तू पन तुजा घेऊन ये. आय कुठं बसायची ती जागा दाखव हिला."

मी म्हटलं, "नाही जमणार. आमचा झाला यंदाचा."

झालेला नाही, आई. यंदाचा नाही, गेल्या वर्षीचा नाही. तू केलेली शेवटची बरणी संपली त्यानंतर मी एकदाही मिरची घेऊन डंकावर गेले नाही. त्या गल्लीत मुसळांचा आवाज यायला लागला की मी पलीकडच्या रस्त्यानं जाते. ब्लॉगवर तुझ्या मसाल्याचा फोटो आहे ना, लालभडक, वाटीत काढलेला, तो किराणा दुकानातल्या पाकिटातला आहे. तेव्हापासून घरात तेच आहे. इतक्या वस्तूंच्या लिंका दिल्या, त्या पाकिटाची तेवढी कधी दिली नाही.