एका टेबलावर दोन बंदुका

मी, ऑरिन थेअर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार चेस्टरफील्ड, मॅसॅच्युसेट्स. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. आज डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणले असते तर बरे झाले असते. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर, शिल्लक आणि हत्यारे मुलगी टॅबिथा हिला. माझ्या पेचकसांनी तिने रंगाचे डबे उघडू नयेत.

२. चकमकीच्या ठिणगीवर उडणाऱ्या अकरा जुन्या लष्करी बंदुकांपैकी दहा तिलाच. घासून चकचकीत केल्यास माझा आत्मा तळमळेल.

३. अकरावी, १८१६ च्या नमुन्याची, वेंडेल पाइकला. मी ती त्याच्याकडूनच घेतली होती. त्या काळी कारागीर प्रत्येक बंदुकीचे भाग हाताने जुळवत आणि ठिणगी पाडणारा घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसतो तिच्या आतून व लाकडी दस्त्याच्या खोबणीत सारखीच खूण कोरत. या बंदुकीत खुणा जुळेनात. एकोणीस वर्षांपूर्वी संग्राहकांच्या मेळाव्यात सगळ्यांदेखत मी ओरडलो, "पाइक, दुसऱ्या बंदुकीचा घोडा बसवून मला टोपी घालतोस?"

तो एवढेच म्हणाला, "ऑरिन, घरी जाऊन नीट बघ."

मी बघितले नाही. आमच्या संग्राहक मंडळाने त्याला काढून टाकले.

गेल्या मार्चमध्ये माझ्याकडची त्याच सालची दुसरी बंदूक उघडली. वेंडेलच्या बंदुकीची, जुळणाऱ्या खुणेची पट्टी तिच्यात होती. टेबलावर एका वेळी एकच बंदूक उघडायची, असे मी नवख्यांना दरडावतो आणि वेंडेलची बंदूक आणल्यावर साफसफाई करताना मीच दोन उघडून पट्ट्यांची अदलाबदल केली होती. पट्टी अडत होती, ती मी ठोकून बसवली, हेही आता आठवते. वेंडेल खरा होता. सात महिने मी हे गिळून बसलो, कारण सगळ्यांसमोर कबूल करायची मला भीती वाटते.

४. वरील कलम माझ्या मृत्यूनंतरच्या मेळाव्यात मोठ्याने वाचावे. टॅबिथा म्हणाली, "बाबा, मेल्यावर कशाला? तो चार मैलांवर तर राहतो!" म्हणून त्याला इथे बोलावले आहे. येईलच असे नाही.

५. (सहीपूर्वी जोडलेले) वेंडेल आला. उभ्यानेच सगळे वाचले. मग म्हणाला, "एक साक्षीदार कमी आहे ना? द्या पेन."

वकीलबाई घाईने म्हणाल्या, "मिस्टर पाइक, साक्षीदार झालात तर कायद्याने बंदूक तुम्हाला मिळायची नाही."

"नसू दे. ह्याने हे लिहिलं, त्याला साक्षीदार मीच हवा. आणि ऑरिन, मेळावा परवा शनिवारी आहे, ऑपरेशन सोमवारी. मरायची वाट कसली बघतोस? तूच वाच."

मी हो म्हटले आहे. बंदूक शनिवारी त्याच्या हातातच देईन.

ऑरिन थेअर
चेस्टरफील्ड, गुरुवार, १७ ऑक्टोबर २०१९

आमच्यासमक्ष सही केली:
१. लेटिशिया क्रोवेल, वकील
२. वेंडेल पाइक