उजव्या हाताचं काकूचं

आई,

परवा लातूरला काकूच्या घरी रक्तवाले आले होते. तू जाऊन एकोणतीस वर्षं झाली, पण ते अजून येतात. आता जीपमधून नाही, पांढऱ्या गाडीतून, आणि आधी फोन करून वेळ ठरवतात. गावात आपण त्यांना रक्तवालेच म्हणायचो. खरं नाव लांबलचक होतं. कुटुंबांच्या तब्येतीचा अभ्यास, एकाच घराचा, वर्षानुवर्षं, लेकराबाळांपर्यंत. आजोबांना वाटायचं की सरकारने आपलं घराणं पाहून निवड केली, आणि हे ते निलंग्याच्या बाजारात भेटेल त्याला सांगत. पुढे मला कळलं की आपल्या घराची चिठ्ठी निघाली होती. आजोबांना ते कुणी सांगितलं नाही, बरं झालं.

मी विष्णुपुरीहून सकाळच्या एसटीने निघाले. धरणावर धुकं होतं, पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते दिसत नव्हतं. खिडकीला डोकं टेकलं आणि डोळा लागला की काय कोण जाणे, मी आपल्या ओसरीवर होते. थंडीचे दिवस, उसाच्या फडावर असंच धुकं. जीप वेशीतून आत येते आहे. ओसरीवर वजनकाटा मांडलाय, लाकडी खांबाला उंचीची पट्टी लावलीय, आणि आजोबा छाती काढून असे उभे आहेत की लष्करातच भरती व्हायचंय. पुरुषांचं रक्त ओसरीवर घेतात आणि बायकांचं आत माजघरात, कारण ओसरीवर सासरा बसलेला. वजन-उंचीला तुम्ही दोघी जावा बाहेर जाता, काकूला तर वजन करून घ्यायला फार आवडतं. मग आत. माजघरात उजेड कमी, तुझा पदर नाकापर्यंत ओढलेला, मी दाराच्या चौकटीला चिकटून उभी, सात वर्षांची.

काकू तेव्हा नवीन होती. सीमेपलीकडून, कानडी मुलखातून आलेली, तुला अक्का म्हणायची. सुई पाहिली आणि ती मागच्या दाराने निघून जी गेली ती कडब्याच्या गंजीमागे जाऊन बसली. बाहेर आजोबा विचारताहेत, झालं का आतलं. तू तोपर्यंत डावा हात पुढे करून तुझं रक्त दिलं होतंस. तू उठलीस, आतल्या खोलीत गेलीस, आणि काकूचं माहेरचं इरकली लुगडं नेसून परत आलीस. पदर हनुवटीपर्यंत. पाटावर बसलीस आणि उजवा हात पुढे केलास. रक्त घेणारी बाई पहाटेपासून तीन गावं करून आली होती. तिने वर पाहिलंच नाही. रबर बांधलं, नळी भरली, काकूचं नाव लिहिलं आणि उपाशी पोटी रक्त दिलं म्हणून दरवेळी देतात तसा बिस्किटांचा पुडा तुझ्या हातात ठेवला. असे दोन पुडे झाले. दोन्ही तू मला दिलेस आणि म्हणालीस, "डाव्या हाताचं माझं, उजव्या हाताचं काकूचं. कुठं बोलू नगं."

तुला ते खोटं वाटलंच नाही, हे मला आता कळतं. काकूचे हात दळून सोलले की तिचं दळण तू घ्यायचीस. तिच्या पाण्याच्या पाळीला ती आजारी असली की तूच जायचीस. एकीचं काम दुसरीने उरकायचं, यात विचारायचं काय? रक्त देणं हेही घरातलं एक काम, वर्षातून एकदा येणारं. तू तिची पाळी घेतलीस आणि पुढे दरवर्षी घेत राहिलीस, दहा वर्षं. थंडी आली, जीप आली, की काकू न सांगता लुगडं आतल्या खोलीत खुंटीवर टांगून ठेवायची.

दोन-तीन महिन्यांनी कागद यायचे. मी शाळेतल्या धड्यासारखे मोठ्याने वाचायची. साखर चांगली, रक्त चांगलं. तुझंही आणि काकूचंही. काकू चुलीपाशी बसून ऐकायची आणि खूश व्हायची. तिला गुळाचं वेड, उसाच्या मुलखात राहून गुळाला नाही कोण म्हणणार. कागदावर तिचं नाव आणि पुढे चांगलं असं लिहिलेलं, मग ती आणखी एक खडा तोंडात टाकायची. ते रक्त तिचं नाही हे तुम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी तुम्ही दोघी त्या कागदावर विश्वास ठेवायचात. मी आता शाळेत पोरांना शिकवते, छापील गोष्टीवर आंधळा विश्वास ठेवू नका म्हणून, तेव्हा मला तुम्ही दोघी चुलीपाशी दिसता.

मग मी बारावीत असताना तू चार दिवसांच्या तापात गेलीस. इतकं चांगलं रक्त घेऊन. पुढच्या थंडीत रक्तवाले आले तेव्हा काकूला पहिल्यांदा स्वतःचा हात पुढे करावा लागला. तिची साखर एवढी निघाली की डॉक्टर स्वतः घरी आले, एका वर्षात असं होतंच कसं म्हणाले. गावाने उत्तर लगेच शोधलं. जाऊ गेली, दुःखाने साखर वाढली. काकूसुद्धा तेच सांगायला लागली, अक्का गेली आणि मला ही देऊन गेली. सांगताना तिच्या आवाजात थोडा मान असायचा. मी मान खाली घालून बसायची. ही साखर आत्ताची नाही, कदाचित पाच-सहा वर्षांची आहे, इतकं कळण्याएवढी मी शिकले होते. पुढे काकूच्या पायाची दोन बोटं गेली आणि नजर धूसर झाली. आता तिला माणूस आवाजावरून कळतं. आणि आई, खरं सांगू, इतकी वर्षं मला तुझा राग येत राहिला. एवढी दया कशाला करायची, असं वाटायचं. सुई टोचली असती, रडली असती, पण डोळे राहिले असते.

माझी लेक यंदा लातूरला क्लासला आहे, काकूकडेच राहते. म्हणून रक्तवाल्यांनी तिथे यायचं ठरवलं, तिन्ही पिढ्या एका घरात सापडतील म्हणून. आलेली ताई माझ्या लेकीहून फार मोठी नसेल. मला बाजूला, जिन्याजवळ घेऊन गेली आणि दोन कागद दाखवले. तेव्हाच्या नळ्या त्यांनी फेकल्या नाहीत, गोठवून ठेवल्या आहेत. नव्या मशीनवर तपासल्या तर दहा वर्षं दोन्ही जावांच्या नळ्यांत एकाच बाईचं रक्त. तिने हळू आवाजात विचारलं, तुम्हाला काही आठवतं का? आठवत नसेल तर हरकत नाही, पण कारण कळलं नाही तर दोघींची ती दहा वर्षं अभ्यासातून काढून टाकावी लागतील.

तू कुठल्या तरी शहरात, काचेच्या नळ्यांत, अजून आहेस. इथे आम्ही उन्हाळ्यात पंख्याखाली बसतो आणि तू तिकडे थंडीत, डाव्या हाताची आणि उजव्या हाताची. तुझा एक धड फोटो नाही आपल्याकडे. तुझं वजन, तुझी उंची, तुझं रक्त, एवढंच कुणीतरी लिहून ठेवलेलं, आणि मी गप्प बसले तर तेही पुसणार. आणि बोलले तर काकू पाच पावलांवर बसलेली. डोळे गेले म्हणून कान गेले नव्हते.

मी बोलले. सगळं. लुगडं, पाट, पदर. ताई भराभर लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिने विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत, आणि मी म्हणाले, मी दारात उभी होते. मग मी काकूजवळ जाऊन बसले. तिने माझा गुडघा चाचपला. मला विचारायचं होतं, आईने तुझं वाटोळं केलं का, पण ते तोंडातून निघेना. मी नुसतंच काकू, काकू करत राहिले.

"मला ठावं हाय काय इचारायलीस ते," काकू म्हणाली. "अक्कानं काई न्हाई केलं माय. माझं भ्याव पयल्या वर्साचंच व्हतं. मला माझ्या जिबंनं बुडीवलं."

मग ती हसली. आणि माझा गुडघा थोपटत पुढे सांगू लागली.

"तिसऱ्या वर्साला मी न्हाऊन, पदर सावरून बसले व्हते बघ, मागल्या दाराच्या उंबऱ्यावर. आता अक्का बोलीवती, जाऊ, देऊ हात. पर तिनं बोलीवलंच न्हाई. म्हनलं, आसू दे. तिला एक धड लुगडं न्हवतं. वर्सातनं एकदा माझी इरकल आंगाला लागती, तेवढीच तिची हौस. मग मीबी कदी मदी पडले न्हाई. ती माझ्या लुगड्यात आली की लई गोड दिसायची."

ताईने लेकीचा दंड बांधला. तिला सुईची भीती, ती कुणावर गेली काय माहीत. माझा हात आपोआप पुढे झाला, आणि लेक म्हणाली, मम्मी, तू मागे हो, माझं मी देते. डोळे घट्ट मिटून दिलं तिने. काकूने तिचा दुसरा हात धरून ठेवला होता. ताईने आम्हाला प्रत्येकी एक बिस्किटांचा पुडा दिला. अजून देतात.

परतीच्या एसटीत तो पुडा मांडीवर होता. लातूर मागे पडलं, तुरीच्या रानांवर पिवळं ऊन होतं, आणि मला ते तिसरं वर्ष दिसत राहिलं. तुला त्या सकाळी चक्कर येत होती, आई. डाव्या हाताचं झाल्यावर तू भिंतीला टेकून बसलीस आणि मला म्हणालीस, जा, काकूला इचार, औंदा देती का. मी मागल्या दारी गेले. काकू खरंच न्हाऊन उंबऱ्यावर बसली होती, ओल्या केसांची. तिने विचारलं, अक्कानं बोलीवलं का गं? मी नऊ वर्षांची होते, लहान नव्हते. काकूने हात दिला तर दुसरा पुडा तिचा होणार, तिच्या बाळाला मिळणार, एवढं मला कळत होतं. मी काकूला म्हणाले, न्हाई. आणि आत येऊन तुला म्हणाले, काकू न्हाई म्हणती. तू भिंतीला धरून उठलीस आणि लुगडं बदलायला आत गेलीस.

हे मी ताईला सांगितलं नाही. काकूलाही सांगितलं नाही, आणि सांगणार नाही. तुझी हौस म्हणून तिने एवढी वर्षं जपून ठेवलंय, ते कुठल्या तोंडाने काढून घेऊ? सांगायचं ते तुलाच, म्हणून लिहायला बसले, आणि हा कागद रक्तवाल्यांनी माझ्याकडे दिलेल्या संमतीपत्राच्या घडीत ठेवते आहे, तिथे कुणी बघत नाही. इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावले होते. ते दोन्ही पुडे मी कणगीमागे बसून एकटीने खाल्ले, आई. काकूच्या बाळाने हात पसरला होता, त्यालाही दिलं नाही.