सातव्या नियमाविषयी दाजींस

आदरणीय दाजींस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदावरच समजावं, कंबर अजून तशीच आहे.) ताईचे गुडघे कसे आहेत? तुमच्या वर्कशॉपमधलं नवं मशीन नीट चालतं ना? ताई फोनवर सांगत होती, की तुम्ही शेजाऱ्यांच्या फाटकाला न विचारता तीन बिजागऱ्या जोडून दिल्यात आणि आता ते फाटक उघडतच नाही. ऐकून तुमची फार आठवण आली. का आली ते पुढे कळेलच. आम्ही इकडे मजेत. माझी तब्येत ठणठणीत आहे, डावीकडची खालची दाढ सोडली तर.

पत्रास कारण, येत्या रविवारी आमच्या नेमबाजी क्लबची सभा आहे आणि तीत एका सभासदाचं नाव कायमचं कमी व्हायचं आहे. तक्रार माझी, पुरावा माझा, ठरावाचा मसुदाही माझ्याच हातचा. आणि परवापासून मला जेवण जात नाही. (दाढेमुळे नव्हे. दाढेमुळे फक्त डावीकडून जात नाही.)

आता तुम्हाला ठाऊक आहे, की क्लबातल्या टार्गेटांची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे. पद मानाचं आहे, म्हणजे त्याला खुर्ची नाही. घरात माझं कोण किती ऐकतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथे मी नुसतं 'थांबा' म्हटलं की पंधरा बंदूकधारी माणसं थांबतात. अशी जागा माणसाला आयुष्यात एकदाच मिळते, म्हणून मी ती जिवापाड जपतो. दारातल्या फळ्यावर अकरा नियम मी स्वतः लिहिलेत, टार्गेटच्या प्लेटा बनवणाऱ्या कारखान्याच्या माहितीपत्रकावरून, एकही न गाळता. पोलादी प्लेट किंचित पुढे झुकवून टांगावी, म्हणजे फुटलेल्या गोळीचे तुकडे जमिनीकडे जातात. आखलेल्या रेघेच्या पुढे येऊन झाडू नये. डोळ्यांना चष्मा सगळ्यांनी लावावा, नुसतं बघायला आलेल्यांनीसुद्धा. आणि पोलादी गाभ्याची काडतुसं आत आणू नयेत, कारण शिशाची गोळी प्लेटवर आपटून बिचारी चपटी होते, पोलादी गाभ्याची मात्र प्लेटलाच खड्डा पाडते. आणि खड्ड्यात बसलेल्या पुढच्या गोळीचे तुकडे उलटे आपल्याच तोंडावर येतात. म्हणून रोज संध्याकाळी मी प्रत्येक प्लेटवरून तळहात फिरवतो आणि पांढऱ्या रंगाचा नवा हात देतो. आमची ही म्हणते, की आता कोणीतरी आपल्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या तरच त्यांना रंग मिळेल.

तर गेल्या महिन्यात तीन नंबरच्या प्लेटवरून हात फिरवताना बोट अडकलं. खड्डा. एक सोडून चार, आणि चारही वरच्या बाजूला. त्याच सकाळी एक तुकडा मागे उडून अध्यक्षांच्या थर्मासला लागला होता. (अध्यक्ष थर्मासच्या मागे होते. ते आता चहा घरूनच पिऊन येतात.) माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अकरा नियम डोळ्यांसमोर लिहिलेले असताना ही हिंमत! प्लेट लगेच उतरवली आणि दुसऱ्या दिवसापासून मी फाटकावर चुंबक घेऊन उभा राहिलो. जुन्या लाऊडस्पीकरमधलं, चांगलं तळहाताएवढं. येईल त्याचं प्रत्येक काडतूस चुंबकाला लावायचं; चिकटलं की आत पोलाद. (बाहेरही असू शकतं. काही गोळ्यांचं नुसतं वरचं कवच पोलादी असतं, हे मला मागाहून कळलं. या पत्रातल्या बऱ्याच गोष्टी मला मागाहून कळल्या आहेत.) रांग रस्त्यापर्यंत गेली. चुंबक अध्यक्षांच्या पट्ट्याला चिकटलं, खजिनदारांच्या किल्ल्यांना चिकटलं, आणि एकदा माझ्याच चष्म्याच्या डबीला चिकटून ती घेऊन गेलं. काडतुसाला मात्र आठ दिवस चिकटेना.

नवव्या दिवशी डॉक्टरबाई आल्या. या दातांच्या डॉक्टर. क्लबातला सगळ्यात चांगला नेम त्यांचा आणि सगळ्यात कमी आवाजही त्यांचाच. पुढच्या पंधरवड्यात मोठी स्पर्धा आहे, आमच्याकडून त्या एकट्याच निवडल्या गेल्यात. तीन वर्षं पहाटे उठून सराव केला तेव्हा कुठे. त्यांच्या हातात गंजलेला पत्र्याचा डबा होता. वडील गेले, त्यांच्या कपाटात ही जुनी काडतुसं निघाली, यांची रीतसर विल्हेवाट कुठे लावायची, असं त्या मला विचारायला आल्या होत्या. मला, म्हणजे जबाबदार माणूस म्हणून. मी चुंबक लावलं. टक्. दाजी, त्या आवाजाने मला जो आनंद झाला त्याची आता लाज वाटते. मी तिथल्या तिथे डबा जप्त केला, पंचनामा केला, त्यांचं कार्ड काढून घेतलं. त्या म्हणाल्या, की हा डबा मी इथे कधी उघडलासुद्धा नाही, मी क्लबच्याच कपाटातली काडतुसं वापरते, वहीत सह्या आहेत. मी म्हटलं, सगळे असंच म्हणतात. (तोवर कोणीच काही म्हटलं नव्हतं.) शिवाय त्या उंचीने बेताच्या, आणि खड्डे प्लेटच्या वरच्या बाजूला. बुटक्या माणसाचा नेम वर जातो, असं मी अहवालात लिहिलं. कशावरून लिहिलं ते मला विचारू नका, अध्यक्षांनीही विचारलं नाही. कार्डाशिवाय स्पर्धेत उतरता येत नाही. बाई निघाल्या, जाताना फाटक आवाज न करता लावलं. ते फाटक मला अजून ऐकू येतं.

केस पक्की असली तरी ती आणखी पक्की करावी, ही माझी खोड. म्हणून कारखान्याच्या माणसाला मीच साक्षीला बोलावलं. तो परवा आला. प्लेट उलटी केली, रंग खरवडला, खिशातून कानस काढून खड्ड्यांजवळ एकदा आणि मधोमध एकदा घासली. मधोमध कानस नुसती घसरत होती. खड्ड्यांजवळ लोखंडाचा कीस पडला. मग तो म्हणाला, की ही गोळीची चूक नाही. पोलादाला आम्ही पाणी दिलेलं असतं, म्हणून ते कडक राहतं. या प्लेटला कोणीतरी वर दोन जागी वेल्डिंग केलंय, तेवढ्या भागाचं पाणी उतरलंय, तिथे साधं शिसंसुद्धा खड्डा पाडेल. सातवा नियम तुमच्याच फळ्यावर आहे, म्हणाला. मी फळ्याकडे पाहिलं. 'प्लेटला वेल्डिंग, कटिंग वा ड्रिलिंग करण्यास सक्त मनाई.' अक्षर सुरेख आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दाजी, आठवतं ना? आमच्या दिवाणखान्यात तुम्ही चहा पीत होता, मी कंबर धरून कण्हत होतो, की दर आठवड्याला ते बोल्ट उघडा आणि प्लेट फिरवा, जीव जातो. तुम्ही म्हणालात, त्यात काय एवढं, मागून दोन कड्या मारून देतो, नुसती आकड्यांना अडकवायची, पाच मिनिटांचं काम. मी प्लेट घरी आणली, तुम्ही वेल्डिंगचं मशीन घेऊन आलात; पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मी वरून पांढरा रंग दिला, वेल्डिंगचे डाग दिसेनासे झाले आणि माझी कंबर महिनाभर सुखात राहिली. सातवा नियम मला माहीत होता हो. पण नियम सभासदांसाठी असतात, मी तर नियम लिहिणारा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कारखान्याच्या माणसाला मी म्हटलं, चौकशी करतो. तो हसला आणि गेला. त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही. मीही नाही.

पण रविवारी मी उभा राहून सगळं कबूल करणार, हे ठरलं. पद गेलं तर गेलं. एका भल्या बाईचे तीन वर्षांचे कष्ट माझ्या कंबरेपायी वाया जाऊ द्यायचे नाहीत. ताईला नमस्कार, तिला गुडघे शेकायला सांगा.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. रविवारी सकाळी दहाला तुम्हीही सभेला आलात तर फार बरं होईल. फक्त एवढंच सांगायचं, की कड्या तुम्ही मला न विचारता, मी आत चहाचे कप ठेवायला गेलो असताना जोडल्यात. शेजाऱ्यांच्या फाटकाचं उदाहरण दिलंत तर कोणालाही पटेल. तुम्ही क्लबचे सभासद नाही, तुमचं काय जाणार?

ता. क. २. भित्रा म्हणाल, पण अडचण वेगळी आहे. ती दाढ मी त्याच डॉक्टरबाईंकडे दाखवतोय. अर्धी कोरून झाली आहे, वर तात्पुरतं सिमेंट आहे, आणि पुढची वेळ सोमवारची आहे. तुमच्या ओळखीत दुसरा कोणी दातांचा डॉक्टर असेल तर पत्ता उलट टपाली पाठवा. हे खरं म्हणजे मी पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी पत्र हिने वाचलं. लगेच डॉक्टरबाईंना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं, कड्यांसकट, कंबरेसकट. तुमचं नाव घेतलं नाही. कार्ड आज संध्याकाळी घरी आणून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "कार्ड आणा. हेच सगळं रविवारी उभं राहून सगळ्यांसमोर सांगा. सोमवारची वेळ पक्की आहे. भूल द्यायची की नाही, ते सभा झाल्यावर बघू."

तेव्हा तुम्ही आता येऊ नका. सगळं माझं मीच सांगणार आहे, आणि अगदी मोठ्याने.