झाकलेला पंख

वारजे, पुणे

चि. शुभंकर,

आशीर्वाद आहेतच, पण आधी राग घे. फोनवर विषय बदलतोस, म्हणून लिहितेय.

संत्र्यांवर बसणाऱ्या पतंगाचे फोटो पाठवलेस, सगळे पंख मिटलेले! या पतंगाच्या दोन जाती वरून सारख्याच दिसतात. मागच्या नारिंगी पंखावरचा काळा डाग गोल की वाकडा, त्यावरून ओळखायच्या. तोच झाकलेला, मग काय कपाळ ओळखू?

बाबांचे फोटोही तसलेच. ऑक्टोबरच्या उकाड्यात शाल? आणि प्रत्येक फोटोत उजवा हात आत? कंप्युटरला फोटोंवरून पतंग ओळखायला शिकवणं ही माझी नोकरी आहे, आणि तू मला फसवतोस?

मी ठणठणीत आहे, माझं सोड. शाल काढून फोटो पाठव. आणि खरं सांग, बाबांना घास कोण भरवतंय?

भाग्यश्रीताई