विहिरीवरचा माझा हक्क आणि बाकीची जमीन

आज सकाळच्या पाळीत वेधशाळेच्या प्रमुखांनी पुन्हा एकदा तपासून सांगितले, की समोरच्या ग्रहावर आपल्या श्वासाला चालेल अशी हवा आहे. त्याच पाळीत डॉक्टरांनी एकदाच तपासून सांगितले, की ती हवा मला लागणार नाही. माझे खालचे दोन्ही हात आधीच गेले होते, वरचा डावा आज गेला. या आजारात वरच्या उजव्यानंतर बधिरपणा छातीत उतरतो. तेव्हा उजवा चालतो आहे तोवर हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. अक्षर वाकडे आले तर ते आजाराचे समजावे, मजकूर मात्र माझाच आहे.

मी या जहाजावरच्या हवाबंद दारांच्या पट्ट्या बदलणारी. सगळे मला पट्टीवाली म्हणतात आणि मलाही त्याचीच सवय झाली आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझ्या भाचीला मसुदा वाचून जी शंका आली ती कलमांबद्दल होती, बुद्धीबद्दल नव्हती. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे गेले काही दिवस रोज येऊन जात आहेत, माझी तब्येत विचारत आहेत आणि जाताना दार हळू लावत आहेत. या दारांना हळू लावणे चालत नाही, हे त्यांना मी आयुष्यभर सांगत आले.

कलम पहिले, खोली. खोली आपल्या जहाजांच्या ताफ्याची आहे, ती कोठाराकडे परत जाईल. खिडकीखालची फळी मात्र मी स्वतः बसवली आहे. ती भाचीने काढून न्यावी. खिडकीचा पडदा कोणी नेला तरी चालेल. त्यामागे काळोखाशिवाय कधी काही दिसले नाही. कालपासून एक निळसर ठिपका दिसतो.

कलम दुसरे, हत्यारे. तापवायची इस्त्री, तिन्ही पाती, खरवडणी आणि डिंकाचे भांडे माझ्या कामावरच्या जोडीदारणीला. आम्ही दोघींनी एकाच पेटीतून आयुष्य काढले आणि त्या आयुष्यात तिने डिंकाचे भांडे एकदाही धुऊन ठेवले नाही. भांडे आता तिचेच होत असल्यामुळे त्याबद्दल माझी काही तक्रार उरलेली नाही. खाली उघड्यावर घरे बांधली की हवाबंद दारे लागणार नाहीत, असे ताफ्याच्या मंडळातले लोक म्हणतात. तिने त्यावर विश्वास ठेवू नये. लोकांना दार नेहमीच लागते.

कलम तिसरे, जमीन. हे कलम लांब आहे, कारण मी फार मोठी जमीनदारीण आहे.

हे वाचून पुढच्या पिढ्या हसतील, म्हणून खुलासा करते. आपला मूळ ग्रह जळून गेला तेव्हा माझे आजोबा लहान होते. आज हयात असलेल्यांपैकी कोणीही तिथल्या मातीवर पाय ठेवलेला नाही. पण निघताना सगळ्या घराण्यांच्या जमिनींचा नकाशा जहाजावर आणला गेला, आणि तेव्हापासून नकाशेवाल्यांची गादी चालू आहे. आपल्यात मूल जन्मले की राख झालेल्या शेतात त्याचा वाटा नोंदतात, आणि माणूस मेला की वारसांत वाटणी होते. जहाजावर कोणाच्या मालकीचे काही नसते; अन्न, कपडे, खोली, सगळे कोठारातून येते. त्यामुळे एखाद्याने आपली पाळी सोडून आपल्यासाठी काम केले, तर उपकार फेडायला देण्यासारखे जवळ काहीच नसते. म्हणून म्हणायची पद्धत पडली, ‘आमच्यातला एक तुकडा तुला.’ ऐकणाऱ्याने ‘राहू द्या’ म्हणायचे, आणि विषय संपला.

मी ‘राहू द्या’ म्हणत आले. पण आमच्या गल्लीतले नकाशेवाले सरळ मार्गाचे गृहस्थ आहेत, आणि त्यांना दिवसभर दुसरे काम नसते. त्यांच्या कानावर आलेला प्रत्येक तुकडा त्यांनी माझ्या नावे चढवला आणि त्यावर शिक्का मारला. दारे सगळ्यांचीच बिघडतात. अशा रीतीने आमच्या जुन्या खोऱ्यातली बहुतेक सगळी जमीन माझी झाली. त्यावर आम्ही पुष्कळ हसलो. जोडीदारीण मला वाकून नमस्कार करायची आणि सारा माफ करायला सांगायची.

हवा असलेला ग्रह सापडल्याची पहिली बातमी आली तेव्हा मंडळाने ठराव केला, की खाली भांडणे नकोत, म्हणून जुना नकाशा जसाच्या तसा नव्या जमिनीवर अंथरायचा आणि ज्याची नोंद त्याची जमीन. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नोंदी कोणाच्या नावावर आहेत हे त्यानंतर पाहिले गेले. तेव्हापासून माझी पेज दाट येऊ लागली.

तर, ज्याने जो तुकडा दिला तो त्याला किंवा त्याच्या वारसांना परत. बिनशर्त. मला दार दुरुस्त केल्याचे समाधान तेव्हाच मिळाले होते. तरी काही नोंदी वेगळ्या सांगायला हव्यात.

स्वयंपाकघरातल्या मुख्य आचाऱ्यांचे ओढ्याकाठचे शेत त्यांना परत. पेज पुन्हा पातळ केली तरी चालेल, मला आता गिळायला तीच बरी पडते.

जहाजप्रमुखांचा नदीकाठ त्यांना परत. न्हाणीघराचे दार अडकून ते आत राहिले होते, तेव्हा त्यांनी बाहेर काढण्याच्या बदल्यात नदीचे दोन्ही काठ कबूल केले होते. बाहेर आल्यावर एकच काठ आठवला. नकाशेवाल्यांनी दाराबाहेर उभे राहून दोन्ही ऐकले होते, सबब दोन्ही परत.

माझ्या पहिल्या नवऱ्याने लग्नात मला त्यांच्या घराण्याची टेकडी दिली होती. पुढे मोठ्या खोलीसाठी ते शेजारच्या जहाजावर गेले आणि तिथेच राहिले. परवा त्यांचा निरोप आला, की जुन्या आठवणी म्हणून टेकडी परत मिळाली तर बरे होईल. वेधशाळेचा नवा नकाशा जुन्यावर ठेवून पाहिला, तर ती टेकडी बरोबर तळ्याच्या मध्यभागी येते. टेकडी मी त्यांना आनंदाने परत करते.

कलम चौथे, विहीर. दप्तरातल्या बाकी सगळ्या जमिनीपेक्षा हे कलम लिहिणे मला जड गेले.

मला एक थोरला भाऊ आहे. माझ्या समोरच्याच खोलीत राहतो. तो पाणी गाळणाऱ्या विभागात आहे. जहाजावरचा प्रत्येक घोट त्याच्या हाताखालून जातो. आमचे वडील गेले तेव्हा नकाशेवाल्यांनी आमच्या वडिलोपार्जित शेताची वाटणी केली. वरचा भाग दादाचा, खालचा माझा. रेषा नेमकी विहिरीवरून गेली. दादा म्हणाला, विहिरीचे तोंड वर आहे, सबब विहीर माझी. मी म्हणाले, पाणी खाली वाहते, सबब माझी. ती विहीर आमच्या आजोबांच्या लहानपणीच वाफ होऊन गेली होती, हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कोणालाही आठवले नाही. वहिनीने आठवण करून दिली तर दादा तिला म्हणाला, ‘प्रश्न पाण्याचा नाहीये, तत्त्वाचा आहे.’ मीही तेच म्हणाले. आम्ही दोघे एकमेकांशी सहमत झालो, ती शेवटची वेळ.

तेव्हापासून बोलणे बंद. त्याच्या दाराची पट्टी माझ्याकडून बदलून घेणे त्याला कमीपणाचे वाटले. त्याने स्वतःच चिंध्या कोंबून काहीतरी केले, आणि तेव्हापासून हवेचा दाब बदलला की ते दार शिट्टी मारते. सगळ्या गल्लीला त्रास होतो. मला रोज ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर शिट्टी आली नाही की मी उठून बसते. वहिनी गेली तेव्हा मी त्या दाराबाहेर उभी राहिले. आत बोलावणे आले नाही, आणि बोलावल्याशिवाय जाणारी मी नव्हते.

विहिरीवर माझा जो काही हक्क असेल, आणि माझ्या मते तो पूर्ण आहे, तो मी दादाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देते. खालचा तुकडाही तिचाच. नव्या जमिनीवर त्या जागी विहीर नाही. ती खणावी लागेल. पाणी लागेल की नाही हे वेधशाळेलाही सांगता येत नाही.

कलम पाचवे. माझ्या थोरल्या भावाला मी काहीही देत नाही. जमीन नाही, फळी नाही, पडदाही नाही. भाची यावरच अडली. ती म्हणाली, ‘आत्या, हे कलम काढून टाक. जाता जाता तरी टोमणा कशाला मारतेस?’ टोमणा नाही. कारण असे आहे.

ताफ्याच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला त्यातून काही मिळणार तो साक्षीदार होऊ शकत नाही. साक्षीदार आमच्याच गल्लीतला लागतो, आणि त्याने माझ्यासमोर, मी शुद्धीवर असताना सही करायची असते. मी जमीन परत करते आहे म्हटल्यावर आमच्या गल्लीत काही न मिळणारे दोघेच उरतात. एक डॉक्टर, कारण वैद्यकीची शपथ घेताना ते जमिनीवरचा हक्क सोडतात. दुसरा तो, ज्याचे दार मी कधी दुरुस्त केले नाही.

डॉक्टरांनी मला विचारले, ‘त्यांनी सही केली नाही तर काय होईल, माहीत आहे ना?’ माहीत आहे. मृत्युपत्र रद्द होईल. मग मी ते केलेच नव्हते असे धरले जाईल, आणि सगळी जमीन जवळच्या रक्ताच्या नात्याकडे जाईल. म्हणजे दादाकडे. नदी, ओढा, आचाऱ्यांचे शेत, विहिरीच्या दोन्ही बाजू, सगळे. त्यासाठी त्याला काही करावे लागणार नाही. आपल्या खोलीत नुसते बसून राहायचे, आणि बसून राहण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

‘मग त्यांच्यावर कशाला सोडता?’ डॉक्टर म्हणाले.

‘दुसरा आहे कोण?’ मी म्हणाले.

सगळी जमीन दादाला मिळाली तर बाकी लोक खाली त्याचे कूळ म्हणून राहतील, आणि जे राहणार नाहीत ते जहाजातून उतरणारच नाहीत. तसे बोलून दाखवणारी काही घरे आत्ताच आहेत. मंडळातले दोघे कालपासून दादाच्याही खोलीत तब्येत विचारायला जाऊ लागले आहेत. त्याची तब्येत उत्तम आहे.

काल भाची मसुदा घेऊन त्याच्याकडे गेली. पुढचे तिने मला सांगितले तसे लिहिते. त्याने चष्मा पुसला आणि सगळे पहिल्यापासून वाचले. न्हाणीघराच्या दारापाशी हसला, पण लगेच तोंड मिटले. विहिरीच्या कलमापाशी थांबला.

‘विहीर तुला दिली?’

‘तिचा हक्क दिलाय, बाबा.’

‘तिचा हक्क नाहीच आहे तिथे.’

‘मग तुमचं काय बिघडलं?’

यावर त्याने पान उलटले. मग पाचवे कलम वाचून म्हणाला, ‘काहीही नाही, असं लिहिलंय.’ भाची म्हणाली, हो. तो म्हणाला, ‘अक्षर बिघडलंय तिचं.’ आणि मसुदा परत न देता कामावर गेला.

कलम सहावे, माझे शरीर. ते जहाजाच्या मळ्यात घालावे, खाली नेऊ नये. नकाशाप्रमाणे खालची प्रत्येक जागा कोणा ना कोणाची आहे. मेल्यावर मला कोणाच्या जमिनीत राहायचे नाही.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे, आणि ते सांगणारा कोण हे लिहून ठेवावे. अंमलबजावणीचे काम नकाशेवाल्यांकडे देते. त्यांनी यावर हवे तेवढे शिक्के मारावेत.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला. कबूल आहे.

सही केली आहे. चारही अंगठ्यांचे ठसे दिले आहेत. तीन बधिर हात डॉक्टरांनी उचलून कागदावर टेकवले.

ठिकाण: माझी खोली, पट्टीवाल्यांच्या गल्लीतले शेवटचे दार.

दिनांक: हवेची खात्री झाली तो दिवस, दुपारची पाळी.

साक्षीदार पहिला: गल्लीचे डॉक्टर. सही झाली.

साक्षीदार दुसरा: पाणी गाळणाऱ्या विभागातले थोरले कारागीर, माझे बंधू. जागा मोकळी सोडली आहे.

डॉक्टरांच्या मते पाळी बदलेपर्यंत मी शुद्धीवर राहीन, त्यापुढचे ते सांगत नाहीत. भाची आत्ताच पाणी विभागातून धावत आली. दादाने तिच्याबरोबर निरोप पाठवला आहे, माझ्यासाठी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा: ‘पेन तिच्याकडे आहे का, की मी घेऊन येऊ?’ मी भाचीला सांगितले, घेऊनच ये म्हणावं. पाळी आता बदलेल.